शेजारच्या देशात जाताना

काही कामानिमित्त अलीकडेच आम्हांस बडोद्यास जाण्याचा योग आला. ज्या घरी उतरलो, ते घराणे चार पिढ्यांपूर्वी गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने कोकणातून तिकडे गेलेले. आधी दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात बिऱ्हाड होते. पुढे कुटुंब कारेलीबागेकडे राहावयास गेले. घरातील वडीलधारे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त शिक्षक. पत्नी त्रेसष्ट वर्षांच्या. मुलगा, सून, सोळा वर्षांचा नातू आणि अकरा वर्षांची नात असा सहा माणसांचा संसार. काशी झाली होती. आता पशुपतिनाथाचे दर्शन घ्यावे, ही त्या माउलीची कित्येक वर्षांची इच्छा. मुलाने पैसे साठवून दिल्लीहून काठमांडूची सहा विमान तिकिटे काढली. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, हे सर्वांनाच ठाऊक होते. आधार कार्ड प्रत्येकाजवळ होते. तेव्हा शंका घ्यावयाचे कारणच कोणास दिसले नाही.

दिल्लीच्या विमानतळावर हवाई कंपनीच्या खिडकीपाशी हे कुटुंब उभे राहिले आणि सहांचे दोन भाग झाले. वडील पासष्टीच्या पुढचे, त्यांचे आधार कार्ड चालले. नात पंधराच्या आतली, तिचेही चालले. मुलाजवळ पासपोर्ट होता. उरलेले तिघे मात्र अडले. आईचे मतदार ओळखपत्र २०२४ च्या ऑगस्टमधील विश्वामित्रीच्या पुरात इतर कागदांबरोबर भिजून नासले होते. आधारची नवी प्रत सहज मिळाली म्हणून दुसऱ्या कार्डाचा पाठपुरावा कोणी केला नाही. सुनेजवळ मतदार ओळखपत्र होते, पण माहेरच्या नावाचे. तिकीट सासरच्या नावाचे. नातवाजवळ शाळेचे ओळखपत्र होते, परंतु पंधरा ते अठरा वयाच्या मुलास मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो, असे त्यास सांगण्यात आले. खिडकीवरच्या तरुणाने आजींना समजावणीच्या सुरात सांगितले की, दोन वर्षांनी या, मग आधारवर जाता येईल. "तिकीट खरं, माणसं खरी, मग अडलं कुठं?" हा त्या बाईंचा प्रश्न आम्हांस अजून उत्तर मागत आहे.

वडील एकटे पुढे जाण्यास तयार नव्हते. तिकिटांचे पैसे बुडाले. सर्वांनी दिल्लीहून गोरखपूरची गाडी धरली, तेथून बसने सोनौली गाठली आणि हातात पिशव्या घेऊन कमानीखालून पायी नेपाळात प्रवेश केला. चौकीवर एकदोघांचे कागद पाहिले, बाकीच्यांस कोणी थांबविलेही नाही. पुढे काठमांडूपर्यंत बसने दिवसभराचा रस्ता. दर्शन झाले, परंतु ज्या तिघांना विमानाने जाण्यास अपात्र ठरविले होते, तीच तीन माणसे दोन दिवसांनी पायी चालत त्याच देशात गेली. एकाच देशाची, एकाच सवलतीची ही दोन रूपे पाहिल्यावर या विषयाची नीट छाननी करावी असे आम्हांस वाटले. गोमंतकातून व कोकणातूनही दरवर्षी अशा यात्रा निघतात. तेव्हा हे केवळ बडोदेकरांचे गाऱ्हाणे नव्हे.

सवलत कोणती, अट कोणती

भारत व नेपाळ यांच्यातील शांतता व मैत्रीचा करार ३१ जुलै १९५० रोजी काठमांडू येथे झाला. त्याच्या सातव्या कलमान्वये एका देशाच्या नागरिकांस दुसऱ्या देशात राहणे, मालमत्ता बाळगणे, व्यापार करणे आणि हिंडणेफिरणे यांबाबत परस्परांनी समान सवलती द्याव्यात असे ठरले. भूतानशी त्याआधी, ८ ऑगस्ट १९४९ रोजी करार झाला होता. २००७ साली तो नव्याने करण्यात आला. नेपाळची सुमारे साडेसतराशे किलोमीटरची आणि भूतानची सुमारे सातशे किलोमीटरची सीमा या परंपरेमुळे आजही खुली आहे. भारतातील १९२० चा पारपत्रविषयक कायदा व १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा रद्द करून त्यांच्या जागी केलेला नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. त्या वेळीही नेपाळ व भूतानच्या सीमेवरून येणारे भारतीय, तसेच नेपाळी आणि भूतानी नागरिक, यांना पारपत्र व व्हिसा यांतून दिलेली सूट कायम राहिली. हे योग्यच झाले.

परंतु पारपत्र लागत नाही याचा अर्थ कोणताच कागद लागत नाही असा नव्हे, आणि कोणताही कागद चालतो असाही नव्हे. घोटाळा होतो तो नेमका येथे. विमानाने नेपाळला जाणाऱ्या प्रौढ भारतीयास वैध पासपोर्ट अथवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, या दोहोंपैकी एक दाखवावे लागते. भूतानचेही असेच आहे. शिवाय तेथे परवाना घ्यावा लागतो आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा पुन्हा उघडल्यापासून भारतीय प्रवाशास दररात्री बाराशे रुपये शुल्क भरावे लागते. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्टीपुढील वृद्ध यांना वय व ओळख पटविणारा छायाचित्राचा अन्य कागद चालतो. त्यांत आधार कार्डाचा समावेश जानेवारी २०१९ मध्ये झाला. या दोन वयोगटांच्या मधल्या कोट्यवधी लोकांना मात्र केवळ आधारवर जाता येत नाही.

आणखी एक तरतूद आहे, ती फारच थोड्यांना ठाऊक असते. कुटुंब एकत्र प्रवास करीत असेल आणि त्यातील एका प्रौढाजवळ मान्य कागद असेल, तर इतरांनी छायाचित्रासह आपली ओळख आणि परस्परांचे नाते दाखविणारा कागद बाळगला तरी पुरतो, अशी सवलत प्रवाशांसाठीच्या सूचनांत नमूद केलेली आढळते. शिधापत्रिका, वाहन चालविण्याचा परवाना, शाळा-महाविद्यालयाचे ओळखपत्र यांचा त्यात उल्लेख असतो. आमच्या स्नेह्यांची शिधापत्रिका बडोद्याच्या घरी ट्रंकेत होती. जो कागद रेशनच्या दुकानापलीकडे कोणी नेत नाही, तोच परराष्ट्राच्या प्रवासात उपयोगी पडला असता, हे त्यांना कोणी सांगितले नाही. तिकीट विकणाऱ्याने सांगितले नाही आणि खिडकीवर अडविणाऱ्यानेही सांगितले नाही.

आधार का चालत नाही?

सामान्य माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर रागावण्यासारखे नाही. बँक, शिधा, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, फोन या सर्व ठिकाणी जे कार्ड मागितले जाते, ते शेजारच्या देशात का चालू नये? याचे कारण असे की, आधार हे रहिवासाचे ओळखपत्र आहे, नागरिकत्वाचे नव्हे. वर्षात एकशेब्याऐंशी दिवस भारतात राहिलेल्या कोणासही, तो परदेशी नागरिक असला तरी, आधारासाठी नाव नोंदविता येते. २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच स्पष्ट म्हटले आहे की, हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा मानला जाणार नाही. मतदार यादीत मात्र फक्त नागरिकाचेच नाव घालता येते. पारपत्राविना प्रवासाची सवलत ही रहिवाशाला नाही, नागरिकाला आहे; म्हणून तिच्यासाठी नागरिकाशी जोडलेला कागद मागितला जातो. २०२५ च्या अखेरीस गुजरात व गोवा या दोन्ही राज्यांत मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हाही आधार हा ओळखीचा पुरावा, नागरिकत्वाचा नव्हे, हाच भेद पुन्हा पुढे आला.

इथवर तर्क नीट चालतो. पुढे मात्र तो अडखळतो. आधार जर नागरिकत्व सिद्ध करीत नसेल, तर पासष्टावे वर्ष ओलांडताच ते कसे सिद्ध करू लागते? अडुसष्ट वर्षांच्या नवऱ्याचे कार्ड विश्वासार्ह आणि त्रेसष्ट वर्षांच्या बायकोचे तेच कार्ड अविश्वासार्ह, हे कोणत्या न्यायाने? वृद्धांकडून आणि मुलांकडून सुरक्षेला धोका कमी, म्हणून त्यांना सूट दिली, असे याचे समर्थन करता येईल, आणि ते आम्हांस अमान्य नाही. पण मग हा प्रश्न नागरिकत्वाचा उरत नाही, सोयीचा होतो. सोय पाहावयाचीच असेल, तर साठीची बाई, तिच्यासमवेत पासपोर्टधारक मुलगा आणि पासष्टीपुढील नवरा, ही परिस्थिती पाहून निर्णय घेण्यास कोणता अडथळा आहे? सरकार साठीपुढील माणसाला पासपोर्टच्या शुल्कात ज्येष्ठ नागरिक म्हणून सूट देते, आणि नेपाळच्या विमानाच्या दारात त्यालाच आणखी पाच वर्षे तरुण समजते. या दोन वयांचा मेळ बसविणे अवघड नाही.

कडकपणाची दुसरी बाजू

हवाई प्रवासातील ही सक्ती कोणाच्या लहरीने आलेली नाही, हेही वाचकांनी ध्यानी घ्यावे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. अमृतसर, लाहोर, दुबई असे करीत ते कंदाहारला नेण्यात आले. एका प्रवाशाचा बळी गेला आणि तीन दहशतवाद्यांना सोडून दिल्यानंतर ३१ डिसेंबरला उरलेल्यांची सुटका झाली. त्या आठ दिवसांची आठवण ज्यांना आहे, ते खुल्या सीमेवरील विमानाच्या तपासणीला हरकत घेणार नाहीत. त्यानंतरच उभय देशांमध्ये विमानाने ये-जा करणाऱ्यांना ओळखीचा कागद सक्तीचा झाला. २००१ पासून नेपाळच्या सीमेवर सशस्त्र सीमा बलाचा पहारा आला. योग्य कागदाविना प्रवासी भारतात आणणाऱ्या कंपनीला दंड करणारा कायदाही २००० साली झाला. खिडकीवरचा कारकून नियमाच्या अक्षराला चिकटून राहतो, त्यामागे ही भीती असते. त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये.

शिवाय ओळखीचा कागद सरकारच्या उपयोगाचा असतो तसा प्रवाशाच्याही उपयोगाचा असतो. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भूकंप झाला तेव्हा सहस्रावधी भारतीय तेथे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत उसळलेल्या आंदोलनात विमानतळ बंद पडला आणि यात्रेकरू अडकून बसले. अशा वेळी आपण कोण आणि कोठले हे झटकन सिद्ध करता येणे म्हणजे अर्धी सुटका. ज्याचा कागद तेथे हरवतो, त्याला काठमांडूतील भारतीय दूतावास परतीच्या एका फेरीपुरता दाखला देतो. पण त्यासाठीही आधी ओळख पटवावीच लागते. म्हणून आमचे म्हणणे कागद नकोत असे मुळीच नाही. कोणता कागद लागेल हे आधी, स्पष्ट आणि आपल्या भाषेत कळले पाहिजे, आणि तो कागद सामान्य कुटुंबाच्या हाती असणे शक्य असले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

रेघेचा अर्थ आम्हांस ठाऊक आहे

खुली सीमा किती मोलाची, हे गुजरातेला आणि गोव्याला वेगळे सांगावयास नको. बडोदे संस्थानचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे त्याचे प्रांत ब्रिटिश मुलखात आणि इतर संस्थानांत विखुरलेले होते. बडोद्याच्या प्रजाजनाला आपल्याच राजाच्या अमरेलीहून राजधानीस येताना विरमगामची जकात चौकी ओलांडावी लागे. तेथे उतारूंची जी झडती होई, तिची गाऱ्हाणी गांधीजींपर्यंत गेली आणि त्यांच्या प्रयत्नाने १९१७ साली ती जकात उठली. प्रजेचे सोडाच, १९०० साली लॉर्ड कर्झन यांनी काढलेल्या फर्मानानुसार संस्थानिकांनाही परदेशी जाण्यासाठी सरकारची अनुज्ञा मागावी लागू लागली, आणि वारंवार युरोपचा प्रवास करणाऱ्या महाराज सयाजीराव गायकवाडांना ते फर्मान किती झोंबले, हे इतिहासात नमूद आहे.

आमच्या गोव्याची कहाणी याहून ताजी. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या; त्यानंतर भारताशी असलेली रेल्वे थांबली, सीमा जवळजवळ मिटली. सावंतवाडी आणि पेडणे यांच्यामधील वाट, जी पिढ्यान्‌पिढ्या सासर आणि माहेर यांच्यामधील वाट होती, ती दोन राष्ट्रांमधील रेघ झाली. गोवा आणि दमण एकाच दिवशी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, मुक्त झाले तेव्हा ती रेघ पुसली गेली. दमणहून दादरा व नगरहवेलीत जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाकारला, भारताने आपले कर्तव्य मोडले नसल्याचाही निर्वाळा दिला; परंतु खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या ये-जा करण्याची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य केले. सत्तेची वाट निराळी आणि माणसांची वाट निराळी, हा त्या निकालातील भेद आजही आठवणीत ठेवण्याजोगा आहे.

दुसरे उदाहरण पश्चिमेच्या सीमेचे. फाळणीनंतर काही काळ माणसे इकडून तिकडे जात होती. १९४८ साली परवाने आले, १५ ऑक्टोबर १९५२ पासून भारत-पाकिस्तान प्रवासास पासपोर्ट व व्हिसा लागू झाला, आणि त्यानंतर ते दार दर संकटासरशी अरुंद होत गेले. २००६ साली सुरू झालेली मुनाबाव-खोकरापारची थार एक्स्प्रेस २०१९ मध्ये बंद पडली. एकदा मिटलेली सीमा पुन्हा उघडणे किती कठीण असते, हे यावरून दिसते. म्हणून नेपाळ आणि भूतान यांच्याकडे उघडी असलेली दारे जपली पाहिजेत. उघडे दार जपावयाचे तर त्यातून जाणाऱ्या भल्या माणसाची उगीच अडवणूक होता कामा नये. कारण अशा प्रत्येक अडवणुकीमागून दार असून नसल्यासारखेच, ही भावना घर करते.

एका माणसाची चार नावे

बडोद्याच्या मराठी माणसाची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. त्याचे नाव घरात मराठीत, शाळेच्या दाखल्यावर बहुधा गुजरातीत आणि पासपोर्टवर इंग्रजीत लिहिले जाते. मतदार ओळखपत्र गुजराती व इंग्रजी अशा दोन लिप्यांत असते. एका लिपीतून दुसरीत जाताना 'जाधव'चा 'जादव' होतो, 'ळ'चा 'ल' होतो, ऱ्हस्वाचा दीर्घ होतो. खुद्द गायकवाड हे नाव पाहा. इंग्रजी लिपीत कोणी त्याचा शेवट 'डी' अक्षराने करतो, कोणी 'आर'ने. मधले स्वर कोणी 'ए-ई' लिहितो, कोणी 'ए-आय'. राजघराण्याच्या नावाची ही गत, तर रावपुऱ्यातील कारकुनाची काय सांगावी? शहराचे नाव १९७४ मध्ये अधिकृतपणे 'वडोदरा' झाले, तेव्हापासून एकाच माणसाच्या कागदांवर जन्मस्थान कोठे बडोदा तर कोठे वडोदरा असे आढळते.

यात क्रमाचा घोळ वेगळाच. आपल्याकडे आणि गुजरातेत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत. पासपोर्टच्या अर्जात नाव व आडनाव यांचे रकाने निराळे. विमानाच्या तिकिटावर मधले नाव कधी येते, कधी गळते. स्त्रियांच्या बाबतीत तर लग्नापूर्वीचे नाव, लग्नानंतरचे नाव, आणि मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, यांची भर पडते. आमच्या स्नेह्यांच्या सुनेजवळ कागद होता, तो खरा होता, छायाचित्र तिचेच होते. पण त्यावरचे नाव सांगलीच्या माहेरचे होते. तिने कोणतीही लबाडी केली नव्हती. लग्न केले होते, एवढेच. नेपाळच्या प्रवासातील अडचणींचा भार बायकांवर अधिक पडतो, तो या कारणाने. आणि ज्या घरात एकच पासपोर्ट असतो तो बहुधा पुरुषाचा असतो, हेही त्याचे दुसरे कारण.

पासपोर्टच का काढू नये?

यावर कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, सर्वांनी पासपोर्टच काढावा. हा सल्ला आम्हीही देतो. पासपोर्ट ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात मान्य केले; त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला. १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात तर, पासपोर्ट काढून घेण्याची रीत न्याय्य व वाजवीच असली पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अधिकारी कचेरी अहमदाबादेस असली तरी आता प्रत्येक वेळी तेथवर धाव घ्यावी लागत नाही. प्रौढांच्या छत्तीस पानी पासपोर्टला साधारण शुल्क दीड हजार रुपये, मुदत दहा वर्षे. साठीपुढील अर्जदारास आणि आठ वर्षांखालील मुलास नव्या अर्जावर दहा टक्के सूट. नेपाळमार्गे तिसऱ्या देशात जावयाचे असेल, किंवा चीनच्या हद्दीतील कैलास-मानसरोवराची यात्रा करावयाची असेल, तर पासपोर्टावाचून गत्यंतरच नाही.

तरीही या सल्ल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. सहा माणसांच्या कुटुंबाला आठ-नऊ हजार रुपये आणि कागदांच्या जुळवाजुळवीसाठी कामाचे दिवस खर्चून पासपोर्ट काढावा लागणार असेल, तर १९५० च्या कराराने दिलेल्या सवलतीचा अर्थ काय राहिला? ती सवलत पासपोर्ट नसलेल्यांसाठीच होती. सीमेलगतच्या गोरखपूर वा रक्सौलच्या माणसाला ती पायी चालत उपभोगता येते. बडोदे, रत्नागिरी वा मडगावच्या माणसाला दूरच्या अंतरामुळे विमान धरावे लागते, आणि तेथे सवलतीला कडा फुटतात. दूर राहणे हा काही गुन्हा नव्हे.

काय करावे

आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. पहिली अशी की, नेपाळचे अथवा भूतानचे तिकीट विकताना, मग ते दुकानात विकले जावो वा फोनवर, पैसे घेण्यापूर्वी कोणता कागद चालतो व कोणता चालत नाही हे प्रवाशाला त्याच्या भाषेत सांगणे विक्रेत्यास बंधनकारक करावे. आधार चालत नाही, हे वाक्य तिकिटाच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत नव्हे, तर पुढे ठळकपणे असावे. दुसरी अशी की, एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबासाठी जी सवलत नमूद आहे, ती हवाई कंपन्यांच्या प्रत्येक खिडकीवर लावावी आणि नातेदर्शक कागदांची निश्चित यादी द्यावी. कारकुनाच्या मर्जीवर ती सोडू नये. तिसरी अशी की, आधारविषयीची वयोमर्यादा पासष्टऐवजी साठ करावी. चौथी सूचना राज्य सरकारांना आहे. नावांच्या लिप्यंतरामुळे होणाऱ्या तफावतीसाठी महानगरपालिकेच्या प्रभागवार शिबिरांतून दुरुस्तीची सोय करावी. बडोद्यात ती गुजरातीबरोबर मराठीतही समजावून सांगता आली, तर सोन्याहून पिवळे.

नागरिकांचीही जबाबदारी आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आधार आहे म्हणजे सर्व आहे, या भ्रमात आपण फार काळ राहिलो. मतदार ओळखपत्र हरवले, नासले, पत्ता किंवा नाव बदलले, तर निवडणूक कार्यालयाच्या प्रपत्र ८ चा अर्ज करून दुरुस्ती वा नवी प्रत मागता येते. हे काम यात्रेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, वेळ असताना करावे. तिकिटावरील नाव हातातल्या कागदाबरहुकूम अक्षरश: तेच लिहावे. मुलांच्या शाळेतून दाखला आधी आणावा. घरातील शिधापत्रिका पिशवीत टाकावी. तिचे वजन काहीच नसते. यात्रा कंपन्या वाटखर्चाची, गरम कपड्यांची, औषधांची यादी देतात. तिच्या माथ्यावर कागदांची यादी असली पाहिजे.

आम्ही बडोद्याहून निघालो त्या सकाळी मास्तर जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून बसले होते. समोर पत्नीच्या पासपोर्टचा अर्ज होता. नावाच्या रकान्यात काय लिहावे, लग्नाच्या पत्रिकेतले, आधारावरचे की त्यांच्या जुन्या शाळेच्या दाखल्यातले, हे ते विचारीत होते, आणि तीनही कागद त्यांनी समोर मांडले होते. बाई चहा आणून ठेवीत म्हणाल्या, "अहो, कोणतंही लिहा, पण सगळीकडे एकच लिहा." त्यांनी मग आधारावरचे नाव लिहिले आणि बाकीचे दोन कागद दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले. या वेळी मुक्तिनाथला जाण्याचा त्यांचा विचार आहे. दोन वर्षे थांबावयाची त्या बाईंची तयारी नाही, आणि शासनाने त्यांना थांबवावे असे कोणतेही कारण आम्हांस दिसत नाही.